दवाखान्याच्या गाडीपुढची तारीख

माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे, पालिकेच्या वॉर्ड ऑफिसच्या अगदी समोर, आणि माझं डोकं लवकर तापतं. दोन्ही गोष्टी आधीच सांगून टाकलेल्या बऱ्या. कागदाची कोरी बाजू पुढे करून "अहो, यात काहीच उमटलं नाही" म्हणणारी माणसं दिवसभर सोसायची म्हणजे कुणाचंही तापेल. आमची ही म्हणते, मध्ये काउंटर आहे म्हणून गिऱ्हाइकं वाचतात. असेल बुवा. पण एका बाईंसमोर माझा आवाज कधी चढला नाही. त्यांचीच गोष्ट सांगायला बसलोय. तिच्यात माझी शोभा झालेली आहे, तीही सांगणार आहे.

त्या आमच्या वॉर्डाच्या निवडून आलेल्या मेंबर. पण मेंबर त्यांना कुणी म्हणत नाही, सगळे मीटरबाई म्हणतात. मी ताई म्हणतो, त्या मला भाऊ म्हणतात.

बावीस वर्षं त्या पाणीखात्यात मीटर रीडर होत्या. घरोघरी जायचं, पाण्याच्या मीटरवरचा आकडा वाचायचा, वहीत लिहायचा, झालं काम. ऐकायला किती सोपं! पण मीटर बसवणारे महाभाग तो कुठे बसवतील याचा नेम नाही. जिन्याखाली, कोळिष्टकांत, कुठे तर कुत्र्याच्या खोपटामागे. त्यामुळे बरेच रीडर फाटकाबाहेर उभे राहून, मागच्या वेळचा आकडा बघून पुढचा अंदाजे ठोकून द्यायचे. ताईंनी बावीस वर्षांत हे एकदाही केलं नाही. काडीला बांधलेला एक छोटा गोल आरसा आणि टॉर्च घेऊन त्या फिरायच्या. पोटावर आडव्या व्हायच्या, आरसा आत सरकवायच्या आणि उलटा आकडा सुलट करून वाचायच्या. संध्याकाळी कपड्यांचा अवतार बघून सासू विचारायची, "तू नोकरीला जातेस की गटारात लोळायला?"

त्या निवडणुकीला उभ्या राहिल्या तेव्हा मीसुद्धा हसलो होतो. मागे पक्ष नाही, भाषण येत नाही, माईक दिसला की घसा बसतो. पण सगळ्या वॉर्डाची मागची बाजू पाहिलेलं दुसरं माणूस होतं कुठे? कुणाच्या मोरीचं पाणी तुंबतं, कुणाच्या मागच्या खोलीत म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलंय, सगळं त्यांना तोंडपाठ. आल्या की निवडून! माझं हसू माझ्याजवळच राहिलं.

निवडून आल्यावर पहिल्याच महिन्यात त्या एक हाताने लिहिलेला कागद घेऊन दुकानात आल्या. "भाऊ, एवढं टाईप करून आठशे प्रती काढा. दर महिन्याच्या एक तारखेला घरोघरी टाकणार आहे."

कागदावर मधोमध एक उभी रेघ होती. डावीकडे लिहिलं होतं 'झालं', उजवीकडे 'नाही झालं'. डावीकडे दोन ओळी. उजवीकडे एकतीस! त्यातही कारणं बघा. 'शाळेमागचा दिवा : ऑफिसात चार वेळा गेले, साहेब भेटले नाहीत.' 'बागेतला तुटका बाक : मी विसरले.'

"ताई, असं कुणी छापतं का?" मी म्हणालो. "आपली लाज आपणच चव्हाट्यावर मांडायची?"

"आकडा आहे तो आहे, भाऊ. तो काय माझ्या मनाने लिहू?"

'झालं' या बाजूला प्रत्येक ओळीपुढे एक तारीख असायची. काम झाल्याची नव्हे, ताईंनी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याची. इंजिनिअर म्हणाला खड्डा बुजवला, तर या तिथे जाऊन त्यावर उभ्या राहायच्या, दोन उड्या मारायच्या आणि मगच तारीख. वाचनालयाच्या दाराशी चाकाच्या खुर्चीसाठी उतार बांधला, तेव्हा कुठून तरी खुर्ची मागून आणली, स्वतः तिच्यात बसल्या आणि मला ढकलायला लावलं. भर बाजारात! वरच्या टोकाला खुर्ची अडकली. ओळ महिनाभर 'नाही झालं'मध्ये पडून राहिली, आणि मी पाठ धरून घरी पडून राहिलो.

घरी गेलात तर सासूबाई दारातच बसलेल्या. त्यांना ऐकू कमी येतं, पण तक्रारी त्याच घ्यायच्या. स्वयंपाकघराच्या दाराच्या मागे खडूने लिहून ठेवायच्या. "जोरात बोला," हे त्यांचं सगळ्यांना एकच उत्तर. त्यामुळे तुमची तक्रार आख्ख्या गल्लीला कळायची. ताईंचे यजमान मितभाषी, स्वयंपाक तेच करायचे, आणि भाजी परतता परतता दारामागचं वाचून तेवढंच सांगायचे, "आज सात."

अशी जवळजवळ पाच वर्षं गेली. पत्रकावर खाली ताईंची सही असायची. मी मूळ प्रत टाईप करायचो, त्या सही करायच्या, मग मी छापायचो. पहिल्या वर्षी त्या ओळन् ओळ वाचून सही करत. पुढे पुढे न वाचताच करू लागल्या. "तुमच्या हातून आलाय ना कागद, मग काय बघायचं," म्हणायच्या. मला त्याचा केवढा अभिमान! गिऱ्हाइकांना ऐकवायचो.

आता माझं पाप सांगतो.

निवडणूक तीन आठवड्यांवर आली होती. ताईंच्या विरोधात एक गृहस्थ उभे होते. त्यांचं पत्रक जाड, गुळगुळीत, रंगीत, म्हणून मी त्यांचं नावच चकचकीत ठेवलं होतं. पहिल्या पानावर चकचकीत हसताहेत, आतल्या पानावर कुणाला तरी काहीतरी देताहेत, मागच्या पानावर पुन्हा हसताहेत. आणि इकडे ताईंचा कागद! 'नाही झालं' खाली चौदा ओळी, आणि सगळ्यात वर : 'चालता न येणाऱ्यांना दवाखान्यात नेणारी गाडी : ड्रायव्हर नाही म्हणून सहा महिने बंद. सोमवारपासून सुरू करतो असं ऑफिस सांगतं. मी पाहिलेली नाही.'

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. अहो, ऑफिसातल्या क्लार्कने माझ्याच दुकानात उभं राहून मला सांगितलं होतं, "सोमवारी साडेआठला गाडी नक्की. छापून टाका." छापा ना मग! निवडणूक तोंडावर आणि ही बाई स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतेय. मी ती ओळ उचलली आणि डावीकडे टाकली. 'दवाखान्याची गाडी : सोमवार आणि गुरुवार, सकाळी साडेआठ, नाक्यावरून.' तारखेच्या जागी मात्र बोट थांबलं. खोटी तारीख टाकायला हात धजावला नाही. जागा कोरी ठेवली. म्हटलं, एवढं कोण बघतंय.

ताई आल्या, घाईत होत्या, सही करून गेल्या.

सोमवारी गाडी आली नाही.

मला दुपारी कळलं. पण मी मूग गिळून बसलो. म्हटलं, गुरुवारी येईल. आणि ताई? त्यांच्या लेखी ती ओळ 'नाही झालं'मध्येच होती. त्या साडेआठला दवाखान्याच्या फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या, गाडी दिसली नाही, वहीत 'नाही' लिहून पुढच्या कामाला लागल्या. गुरुवारीही तसंच.

शुक्रवारी सकाळी ताई माझ्या दुकानात अर्जाची प्रत काढायला आल्या होत्या. तेवढ्यात शिंपीकाकांची सून आत आली. नाक्यावरचे शिंपीकाका. साऱ्या वॉर्डाचे कपडे त्यांनी शिवलेत, माझ्या लग्नातला कोटसुद्धा. साखरेच्या आजाराने पायाला जखम झालेली. दर सोमवारी आणि गुरुवारी पट्टी बदलायची, न चुकता. सून कपड्यांच्या कारखान्यात कामाला, दोन्ही दिवशी अर्धी रजा टाकून खुर्ची ढकलत त्यांना न्यायची.

तिने पत्रक ताईंच्या पुढ्यात आपटलं. "काय हे? कुठाय गाडी?"

हुंदके देत देत तिने सांगितलं ते असं. पत्रक वाचून सासरे म्हणाले, आता गाडी आहे, तू रजा टाकू नकोस. कारखान्यात तिला आधीच ताकीद मिळाली होती. ती कामावर गेली. सोमवारी काका धुतलेला सदरा घालून आठपासून पायरीवर बसले, बारापर्यंत. गाडी नाही. संध्याकाळी सुनेने विचारलं तर म्हणाले, हो, पट्टी झाली. तिची रजा वाचावी म्हणून खोटं बोलले. गुरुवारी पुन्हा तेच. आज पहाटे ताप चढला, तेव्हा तिने पट्टी सोडून पाहिली. ते मोठ्या इस्पितळात होते. डॉक्टर म्हणत होते, दोन बोटं काढावी लागतील, पाय वाचेल की नाही ते दोन दिवसांनी सांगू.

ताईंनी पत्रक उचललं. ती ओळ वाचली. मग कोऱ्या जागेवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. बस्स, एकदाच. नंतर त्यांनी खालची स्वतःची सही पाहिली.

"सही माझी आहे," त्या सुनेला म्हणाल्या. "चूक माझी. चल, इस्पितळात जाऊ."

संध्याकाळी त्या परत आल्या. मी दुकान बंद करून आतच बसलो होतो. दार ढकलून आल्या आणि स्टुलावर बसल्या. मी रडलो, खोटं कशाला सांगू. म्हणालो, "ताई, मला चार शिव्या घाला. आजच्या आज सगळ्यांना सांगतो, हे माझं काम म्हणून."

"सांगा की, खुशाल सांगा. त्याने माझं सुटत नाही." त्यांचा आवाज अगदी साधा होता. "बावीस वर्षं पोटावर लोळले, भाऊ, आणि तुमच्या कागदाचं रीडिंग फाटकाबाहेरून लिहिलं. आता उठा. आठशे घरं आहेत."

"कशाला?"

"अजून कुणी पायरीवर बसलं असेल तर?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी आपला माझ्या अपराधाला कवटाळून बसलेलो, आणि ही बाई बाकीच्या पायऱ्या मोजत होती.

चार दिवस आम्ही फिरलो. प्रत्येक दारी ताई पत्रक मागून घ्यायच्या, लाल पेनने ती ओळ खोडायच्या, उजवीकडे लिहायच्या आणि म्हणायच्या, "गाडी सुरू नाही. मी न वाचता सही केली. तुमच्या घरी कुणी थांबलंय का?" मग मी म्हणायचो, "बदललं मी होतं." पहिल्या घरी हे वाक्य तोंडातून निघेना. पन्नासाव्या घरी निघायला लागलं. कुणी म्हणे, अहो, आम्ही कुठे वाचतो. कुणी चहा पुढे करी. एका बाईने ताईंच्या तोंडावर दार लावलं. ताईंनी पत्रक लाल करून फटीतून आत सरकवलं. तीन घरं अशी निघाली जिथे आजारी माणूस गाडीची वाट बघत होतं. तिघांचीही ताईंनी त्याच दिवशी सोय केली, एकाला तर खुर्चीवरून मीच नेलं.

चकचकीत काय गप्प बसतात? लाल शाईचं पत्रक मोठं करून नाक्यावर लावलं, वर 'खोटारडेपणाचा पुरावा'. मोठं करायची झेरॉक्स माझ्याकडे मागायला आले होते! मी त्यांना काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. ताईंना सांगितलं तर म्हणाल्या, "करून द्यायचं होतं. खरंच आहे ते."

प्रचार सोडून त्या पालिकेच्या वाहन विभागात जाऊन बसल्या. ऑफिस उघडायच्या आधी बाकावर हजर, कुलूप लागल्यावर घरी. सलग पाच दिवस. साहेब म्हणाले, ड्रायव्हर नाही, काय करू? ताईंनी पिशवीतून आरसा काढला आणि गॅरेजच्या बंद शेडच्या झरोक्यातून आत सरकवला. आत साहेबांच्या पाहुण्यांना फिरवायची गाडी उभी, आणि तिच्यात ड्रायव्हर चक्क घोरत होता. "हे काय आहे मग?" ताईंनी विचारलं. साहेबांची बोबडी वळली. निकालानंतरच्या सोमवारपासून तोच ड्रायव्हर दवाखान्याच्या गाडीवर द्यायचं त्यांनी कबूल केलं.

निवडणूक झाली. ताई निवडून आल्या, पण मागच्यापेक्षा बऱ्याच कमी मतांनी. शेवटची पेटी उघडेपर्यंत आमचा जीव टांगणीला. काकांचा पाय वाचला. दोन बोटं गेली.

निकालानंतरच्या सोमवारची सकाळ. आठ वाजता ताई दुकानात आल्या. महिन्याचा कागद पुढे ठेवला. डावीकडे पहिलीच ओळ, 'दवाखान्याची गाडी', आणि पुढे जागा कोरी.

"तारीख राहिली, ताई," मी म्हणालो.

"मी दवाखान्याच्या फाटकाशी थांबते. नाक्यावर तुम्ही जा. तारीख तुम्ही आणा."

मी समजलो. आठशे दारांवर बोललो होतो, पण एक दार राहिलं होतं. काका तेव्हा इस्पितळात होते. घरी आल्यावर मी सटकलोच होतो. त्या नाक्यावरून जायचंच सोडलं होतं.

काका पायरीवर बसले होते. धुतलेला सदरा, पाय पाटावर, पांढऱ्या पट्टीत. मला बघून हसले. "या, या. कोट होतो का अजून?"

"काका," मी म्हणालो. "ती ओळ मी बदलली होती. ताईंनी नव्हे. त्यांनी 'नाही'मध्येच लिहिलं होतं. तुमची बोटं माझ्यामुळे गेली."

काका म्हणाले, "ताईंनी नव्हतं लिहिलं ते, एवढं मला त्याच दिवशी कळलं होतं."

"म्हणजे?"

"पुढे तारीख नव्हती की. पाच वर्षं वाचतोय मी तो कागद. उभा जन्म मापं वाचण्यात गेला माझा, कोरी जागा दिसणार नाही होय?"

"मग बसलात कशाला, काका? चार चार तास?"

"सुनेची रजा वाचत होती रे." पहिल्यांदाच त्यांनी मला अरे-तुरे केलं. "वाटलं, एखादे वेळी ताई तारीख टाकायला विसरल्या असतील. गरज होती, म्हणून तसं वाचलं मी. आणि तुला काय, त्या निवडून यायला हव्या होत्या, म्हणून तसं छापलंस तू. दोघेही तसलेच."

मी त्यांच्याजवळ पायरीवर बसलो. साडेआठ वाजून गेले. आठ पस्तीस. मनात म्हटलं, आज जर आली नाही तर मी स्वतः त्या साहेबाला उचलून आणतो. आठ चाळीसला कोपऱ्यावरून पांढरी गाडी वळली. ड्रायव्हर पुरता जागा होता. मी आणि त्याने मिळून काकांना वर चढवलं. माझी पाठ पुन्हा कळवळली, पण हूं की चूं केलं नाही.

"चल, तू पण बस," काका म्हणाले. "दवाखान्यापर्यंत बघ. अर्ध्या वाटेत बंद पडली तर पुन्हा छापून बसशील."

गाडी बंद पडली नाही. फाटकाशी ताई उभ्या होत्या, हातात वही. काकांना खाली उतरवलं, आत नेलं, नर्सने पट्टी सोडायला घेतली, तोवर त्या हलल्या नाहीत. मग वहीत ठेवलेला महिन्याचा कागद आणि पेन माझ्यापुढे धरलं.

मी तारीख लिहिली. ताईंनी ती नीट वाचली, मग मागचा-पुढचा मजकूर वाचला, पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत सगळा कागद वाचला आणि मग सही केली.